अळी बोंडात थांबत नाही
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या पत्रकात विषय 'बोंडअळी' एवढाच छापला आहे. तो वाचून काही जणांनी विचारले, पुन्हा औषधांची नावे सांगणार का? तसे काही करणार नाही. औषधांची नावे दुकानदार आमच्यापेक्षा जास्त सांगतो, आणि उधारीवर सांगतो. आज आपल्याला बघायचे आहे ते वेगळे. गुलाबी बोंडअळी बोंडातून निघून पुढे कुठे कुठे जाते? ती वेचणीच्या गाठोड्यातून घरात येते, गाडीतून जिनात जाते, सरकीतून तेलगिरणीत जाते आणि पुढच्या जून-जुलैत पतंग होऊन परत आपल्याच शेतात उतरते. या सगळ्या वाटेवर ती कुणाचे ना कुणाचे दुकान बसवत जाते. ते दुकान बसले की त्याचा हिशेब शेवटी आपल्याच पट्टीत येतो.

मालेगाव, नांदगाव, येवल्याकडच्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. आपला जिल्हा बाहेरच्यांना द्राक्षाचा आणि कांद्याचा म्हणून माहीत आहे. पण या पूर्वपट्ट्यात, जिथे पाऊस येतो-न येतो, तिथे कपाशी, बाजरी, ज्वारी, मका यावरच संसार चालतात. कपाशी हेच घरात एकरकमी पैसा आणणारे पीक. आणि कपाशी हे असे पीक आहे की ते कुणी घरी खाऊ शकत नाही. ज्वारी विकली नाही तर भाकरी तरी होते. कापसाला जीन लागतोच. म्हणून जीन बंद पडला तर ती एकट्या जिनवाल्याची अडचण राहत नाही.

आधी थोडा मागचा इतिहास. ही अळी नवीन नाही आणि परदेशातून आलेलीही नाही. शास्त्रज्ञांनी तिची पहिली नोंद १८४३ साली केली ती हिंदुस्थानातल्या कपाशीवरून. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आपल्या सरकीबरोबर इजिप्तला गेली. इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत पोचली. १९१७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या हर्न या गावाजवळ ती सापडली. ती तिथे कशी आली? गावात तेलाची गिरणी होती आणि त्या गिरणीने आदल्या वर्षी मेक्सिकोतून सरकी मागवली होती. शेतकऱ्याने काही केले नव्हते. पाखरू उडत गेले नाही, वारा घेऊन गेला नाही. अर्ध्या जगाचा प्रवास तिने व्यापाराच्या पोत्यात बसून केला. कॉलेजात आम्हाला हा कीटक शिकवला तेव्हा त्याच्या पायांचे सांधे मोजायला लावले. पोत्यांची गोष्ट पुस्तकाच्या तळटिपेत होती. शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट तळटिपेतच असते, हा आमचा अनुभव.

आता आपल्याकडचे बघा. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. सुरुवातीची वर्षे चांगली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिरव्या अळीसाठी ज्याने दहा-दहा फवारण्या केल्या आहेत त्याला विचारा. तंत्रज्ञानाला आमचा विरोध नव्हता आणि नाही. पण गुलाबी अळी हळूहळू सरावली. गुजरातेत पहिल्या पिढीचे बीटी तिला पचले, हे २०१० साली कंपनीनेच जाहीर केले. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या पिढीचेही पचायला लागले. आणि २०१७ साली महाराष्ट्रात सुमारे ४२ लाख हेक्टर कपाशी उभी असताना जे झाले ते इथल्या प्रत्येकाने पाहिले आहे. बाहेरून हिरवेगार, टणक बोंड. फोडले की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आणि जिच्या भीतीने माणसे फवारत होती ती गुलाबी अळी बोंडाच्या आत, फवाऱ्याला न सापडणारी.

सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मदत जाहीर केली. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. आकडा मोठा होता. पण तो सोडवून बघा. कोरडवाहूच्या ३०,८०० मध्ये आपत्ती निधीचे ६,८००, पीकविम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून वसूल करायचे १६,०००. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम दुसऱ्याच्या खिशातली, तीही अजून न काढलेली. कंपन्यांनी जबाबदारी मान्य केली नाही. 'जी' फॉर्म भरण्यासाठी पावती, पिशवी, लेबल घेऊन लोक तालुक्याला रांगेत उभे राहिले. त्या रांगेचे पुढे काय झाले ते तुम्ही जाणता.

या सगळ्या बोलण्यात जिनाचा विषय कुणी काढला नाही. पंचनामा शेताचा झाला. पण अळीचा पंचनामा बांधावर संपत नाही. म्हणून आज आपण थोडा हिशेब मांडू. आकडे सोपे घेतो, म्हणजे घरी जाऊन पडताळता येतील.

चांगला कापूस असेल तर क्विंटलमागे साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची गाठ १७० किलोची. म्हणजे पाच क्विंटल कापसाला एक गाठ. एखाद्या जिनाने हंगामात २०,००० क्विंटल कापूस घेतला तर ४,००० गाठी व्हायला हव्यात. आता समजा अळीचा कापूस आला आणि उतारा ३४ चा ३१ झाला. त्याच २०,००० क्विंटलच्या गाठी होतात ३,६५० च्या आत. साडेतीनशे गाठी हवेत गेल्या. कापसाचे पैसे मात्र दिलेले, वीज जळलेली, मजुरी चुकती झालेली. वर जी रुई निघाली ती डागी, आखूड आणि कमकुवत. सूतगिरणी तिला भाव कापते. सरकीचे तसेच. अळीचे मुख्य खाणे सरकीच. तिने पोखरलेल्या सरकीतून तेल कमी निघते आणि तेलगिरणीवालाही भाव तोडतो. तिन्हीकडून मार.

यावर जिनवाला काय करतो? तो काही आपला सोयरा नाही. तो पहिल्या दिवशी फसतो, दुसऱ्या दिवशी सावध होतो आणि तिसऱ्या दिवशी सरसकट भाव पाडतो. गाडीत कवडी किती निघेल ते त्याला वरून दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांच्याच मालात कवडी धरून चालतो. ज्या माउलीने सकाळचे दव उतरल्यावर, पातेरा न लागू देता, पांढरा स्वच्छ कापूस वेगळा वेचला, तिच्या मालालाही तोच भाव. खेडा खरेदीत तर विचारूच नका. काटा लावला, एक भाव सांगितला, भरली गाडी. म्हणजे अळी शेजाऱ्याच्या बोंडात असली तरी तिची काटछाट आपल्या पट्टीत होते.

आणि याच्याही पुढची पायरी आहे. जीन हा हंगामी धंदा. दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवढा चालेल तेवढ्यात वर्षाचे व्याज, विजेचा स्थिर आकार, यंत्राची दुरुस्ती काढायची. कापूस कमी आला, खराब आला, की पाळ्या दोनाच्या एक होतात. दोन हंगाम असे गेले की बँक दार वाजवते. मग जिनाच्या आवारात कुणी मक्याचे गोदाम करतो, कुणी प्लॉट पाडतो. आसपास चार जीन असतील तर चार भाव निघतात. दोन उरले तर दोघे संध्याकाळी फोनवर बोलून एकच भाव काढतात. उरला एक, तर भाव काढायचीही गरज नाही. मग कापूस गाडीत घालून धुळे-जळगावच्या बाजूला न्यायचा आणि भाडे आपण भरायचे. शिवाय जिनावर काम करणारी माणसे, कापूस भरणारे हमाल, गाडीवाले, चहाची टपरी, आणि ज्याच्या वहीत आपली नावे आहेत तो खताचा दुकानदार. त्याची उधारी फिटत नाही म्हणून तो पुढच्या हंगामाला हात आखडतो. वेचणीला जाणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते. किडक्या बोंडातली कवडी नखाने उकरून काढायची तर दिवसभरात वजन भरत नाही. त्यांचे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात आलेले आम्ही पाहिले नाही.

मक्यातही हेच पाहून झाले आहे. लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकातून वर सरकली आणि आपल्या मक्यावर तुटून पडली. त्यात दुष्काळ. २०१९ मध्ये मका महागला तेव्हा कोंबडीवाले रडले. ज्याच्या घरात मकाच नव्हता त्याला त्या भावाचा काय उपयोग झाला? ती अळी ज्वारीच्या पोंग्यातही शिरते, तेव्हा ज्वारीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. पण तो विषय दुसऱ्या बैठकीचा.

इथवर जिनवाल्याची बाजू मांडली. आता त्याचा गुन्हा. होय, गुन्हाच. अळीचे शेवटचे पिल्लू हिवाळ्यात सरकीत झोपते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधे कोष केल्यासारखी बसते. जुने लोक त्याला जोडसरकी म्हणतात. ती तशी महिनोन् महिने पडून राहते. जिनाच्या आवारात मे महिन्यापर्यंत कापसाची गंजी, कोपऱ्यात सरकीचा ढीग, भिंतीलगत वर्षानुवर्षांचा कचरा. पहिला पाऊस पडला, हवा दमट झाली की त्यातून पतंग निघतात. ज्यांची शेते जिनाजवळ आहेत त्यांनी कामगंध सापळा लावून बघावा, कुणी समजावून सांगायची गरज राहणार नाही. इजिप्तने सरकी तापवूनच बाहेर काढायची असा कायदा शंभर वर्षांपूर्वी केला होता. आपल्याकडे २०१७ नंतर जिनांभोवती सापळे लावा, आवार साफ ठेवा, अशा सूचना कृषी खात्याने काढल्या. कागद निघाला. सापळे किती जिनांत लागले ते तुम्हीच येता-जाता बघता.

पण जिनवाल्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घराच्या पडवीतही बघावे लागेल. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस १२,००० च्या पुढे गेला. त्या आशेने पुढच्या वर्षी आपण कापूस घरात भरून ठेवला. भाव सात-साडेसात हजारांच्या आसपास लोळत राहिला आणि कापूस मे-जूनपर्यंत घरात. अंगाला खाज सुटली, पोरे खाजवून हैराण, तरी ठेवला. भाव पडलेला असताना माल रोखून धरणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, यात आमचे मत तसूभर बदललेले नाही. पण सरकीसकट कापूस घरात ठेवणे म्हणजे अळीला उन्हाळाभर छप्पर देणे.

यावर वाट आहे. माल रोखायचाच तर रुई करून रोखा. पाच-दहा गावांनी मिळून कापूस एकत्र करायचा, जिनाला मजुरी देऊन गाठी बांधून घ्यायच्या, सरकी लगेच विकून मजुरी आणि वेचणीचा खर्च काढायचा, आणि गाठी वखारीत टाकून पावतीवर उचल घ्यायची. व्यापारात सौदा साधारण शंभर गाठींचा होतो, म्हणजे ५०० क्विंटल कापूस. एकट्याला अशक्य आहे. चाळीस जणांना प्रत्येकी साडेबारा क्विंटलच लागतात. यात जिनवाल्याला हंगाम लांबवता येतो, आपल्याला भावाची वाट बघता येते आणि अळीला घर मिळत नाही. हे सोपे नाही. आपली चाळीस माणसे एका काट्यावर एकमेकांच्या वजनावर विश्वास ठेवतील का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कुठल्या कृषी विद्यापीठात मिळत नाही.

आता फरदडीकडे येतो. इथे सभेत कुजबुज होणार हे ठाऊक आहे.

डिसेंबरअखेर कपाशी उपटा, हे सांगणारा अधिकारी पगारावर असतो. ज्याच्या झाडावर वीस-पंचवीस बोंडे अजून लटकली आहेत आणि घरात लग्न आहे, त्याला ते झाड उपटताना हात कापतात. आम्हाला हे कळते. आणि हेही कळते की हलक्या रानातली कोरडवाहू कपाशी डिसेंबरात आपोआपच संपते. फरदड धरतो तो विहिरीवाला, ठिबकवाला. मे महिन्यात पाण्यावर लागण करतो तोही तोच. त्याच्या मेच्या कपाशीला पाते-फुले लवकर येतात, घरातून आणि जिनातून उठलेले पतंग आधी तिथे बसतात, एक पिढी तिथे वाढते आणि आपली पावसावरची कपाशी फुलावर आली की ती फौज आपल्याकडे वळते. म्हणजे ज्याने फरदडही धरली नाही आणि मेमध्ये लागणही केली नाही, तोच कोरडवाहूवाला शेवटी भरडला जातो. बागायतदार आपलाच भाऊ आहे. त्याच्याशी भांडण नको. पण त्याला हिशेब दाखवा: फरदडीच्या शेवटच्या दोन वेचण्यांत कवडी किती, तिला भाव काय मिळाला, पाणी-वीज-मजुरी किती गेली. आणि त्याच पाण्यावर हरभरा, गहू, नाहीतर उन्हाळी काही घेतले असते तर? बहुतेक घरांत हा हिशेब कुणी मांडलेलाच नसतो, कारण फरदडीचा पैसा फुकटचा वाटतो.

कृषी खात्याने मागच्या काही वर्षांत बियाणे लवकर विकू नये असे बंधन घातले. मग बियाणे शेजारच्या राज्यातून, बिगर पावतीचे आले. पावती नाही म्हणजे बोगस निघाले तर तक्रारही नाही. बंदीने अळी थांबत नाही, चोरवाट तेवढी रुळते. गावाने ठरवले तरच थांबते. अळीला कपाशी सोडून खायला फारसे काही नाही. भेंडी, अंबाडी यांवर ती कशीबशी जगते. ज्वारी, बाजरी, मका, हरभरा तिच्या कामाचे नाहीत. म्हणून शिवारात चार-पाच महिने कपाशी आणि सरकी दोन्ही नसतील तर तिची साखळी तुटते. अमेरिकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही अळी आपल्या कपाशीपट्ट्यातून संपल्याचे जाहीर केले. बीटी बियाणे, कामगंध, वांझ केलेले पतंग सोडणे असे सगळे त्यांनी वापरले. पण त्या सगळ्याच्या मुळाशी ठरलेल्या तारखेला झाड मोडायचे म्हणजे मोडायचे, ही शिस्त होती आणि त्यात शेतकऱ्यांनी स्वतः पैसा घातला होता. आपल्याकडे बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटीची पुडी यायची. ती आश्रयाची ओळ किती जणांनी पेरली? हात वर करायला सांगत नाही.

तेव्हा या हंगामासाठी आमचे म्हणणे एवढे आहे. मेमध्ये लागण नाही. पेरणी चांगला पाऊस झाल्यावर. पात्या लागल्या की एकरी दोन कामगंध सापळे, आणि रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायचे. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, तरच फवारणीचा विचार. दुकानदाराने सांगितले म्हणून नाही. डोमकळ्या तोडून घ्यायच्या, रानात टाकायच्या नाहीत. डिसेंबरअखेर शेवटची वेचणी. मग मेंढपाळांचे वाडे रानात बसवा, उरलेली बोंडे मेंढ्या खातील आणि खतही होईल. पऱ्हाटीचे ढीग बांधावर जूनपर्यंत ठेवायचे नाहीत. सरपण लागते हे मान्य, पण ते उन्हाळ्यातच जाळून संपवा, नाहीतर यंत्राने बारीक करून मातीत घाला. पुढच्या वर्षी त्या रानात ज्वारी घ्या. कडब्याचे भाव बघता ज्वारी तोट्यात जाते असे कुणी म्हणू नये.

आणि जिनवाल्यांकडे आपण शिष्टमंडळ घेऊन जायचे आहे, मागणी घेऊन, भीक मागायला नाही. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा स्वच्छ माल वेगळ्या गंजीत घ्या आणि त्याचा भाव वेगळा द्या. कवडी वेगळी आणणाऱ्याचा सगळा माल कवडीत धरू नका. एप्रिलअखेर आवारातला कापूस पिंजून संपवा, सरकी हलवा, कचरा जाळा, पावसाच्या आधी सापळे लावा आणि त्यातले पतंग आम्हाला मोजू द्या. त्या बदल्यात आमची गावे फरदडीचा माल दाराशी आणणार नाहीत. जो जिनवाला हे मान्य करील त्याच्याकडे आमच्या गाड्या आधी जातील. जो करणार नाही त्याच्या दारात गाड्या कमी दिसतील. व्यापाऱ्याला ही भाषा लवकर समजते.

दोन-तीन जण म्हणाले, एका गावाने करून काय होणार, पतंग शेजारच्या गावातून येईल. येईल. म्हणून तर जिल्ह्याची बैठक घेतली. निदान एकाच जिनाला माल घालणारी गावे एकत्र आली तरी पुरे. अळीची वाट आणि गाडीची वाट एकच आहे.

दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. जाताना गावाचे नाव, गावात कपाशी किती एकर, माल कुठल्या जिनाला जातो आणि शेवटची वेचणी कुठल्या तारखेला करणार, एवढे चार रकाने भरा. तारीख गावात बसून ठरवायची असेल तर तो रकाना कोरा ठेवा आणि तालुक्याच्या बैठकीला भरून आणा. ज्या जिनाखाली दहा गावांची नावे आधी भरतील, त्या जिनावर आपण पहिल्यांदा जाऊ.